पीएसए विचारता, मग कंबरही विचारा

घरात प्रोस्टेटच्या कॅन्सरचा पेशंट असला की येणारे पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. पीएसए (रक्तात मोजली जाणारी या कॅन्सरची खूण) किती आला? आणि वजन वाढलं का? वाढलं म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. "इंजेक्शन मानवलं बघा!" आमच्या सोलापुरात तरी या वाढलेल्या वजनाचा अर्थ सरसकट चुकीचा लावला जातो, आणि मला त्याची फार काळजी वाटते.

माझ्या मामांचं आयुष्य यंत्रमागापाशी उभं राहून गेलं. आता आजार हाडांत उतरलाय, हॉर्मोनचं इंजेक्शन चालू आहे. पीएसए खाली आलाय, वजन वर गेलंय. पण लेंगा पोटावर काचतो आणि मांड्यांवर नुसता लोंबतो. खुर्चीच्या हातांवर भार दिल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. पोट सुटलं, मांड्या आटल्या. वजनकाट्यावर मात्र दोन्ही मिळून एकच आकडा येतो.

हा इंजेक्शनचाच परिणाम आहे. ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन तोडतं. ते तोडलं की हा कॅन्सर आटोक्यात येतो, हे अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि उपचाराचा पाया आजही तोच आहे. इंजेक्शन टाळायचा विचारही कुणी मनात आणू नये. पण त्याच टेस्टोस्टेरॉनवर स्नायूही टिकून असतात. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे उपचार घेणाऱ्या पुरुषांची चरबी ४८ आठवड्यांत सरासरी ९.४ टक्क्यांनी वाढली, आणि चरबी सोडून उरलेलं, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं, वजन २.७ टक्क्यांनी घटलं.

आणि चरबी गप्प पडून राहत नाही, ती स्वतः हॉर्मोन सोडते. लठ्ठपणात सहसा लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन घटतं. प्रयोगशाळेत लेप्टिनने प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना जोर मिळतो, ॲडिपोनेक्टिन त्यांना आवर घालतं. शिवाय इन्सुलिन चढतं, साखर बिघडते, हृदयावरचा ताण वाढतो. माणूस कॅन्सरमधून सावरतो आणि हृदयविकाराने जातो, असंही घडतं.

मग पेशंटचं जेवण तोडायचं? मुळीच नाही! लठ्ठ पुरुषांना या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो, पण आजार शरीरभर पसरल्यानंतरच्या काही अभ्यासांत वजनदार पेशंटच जास्त जगलेले दिसलेत. मला यात फारसं कोडं वाटत नाही. आजार बळावला की माणूस झिजतो, म्हणून कमी वजन हीच धोक्याची खूण असते. आणि बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याला, चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

पुण्याचे मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःवरूनच दाखवलं. २००४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. बीएमआय दोघांचाही २२.३. चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२! आपल्याकडची किडकिडीत दिसणारी माणसंही अशीच आतून चरबी बाळगून असतात. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं.

मी हे बोलले तर मामी म्हणाल्या, "खाऊ दे की गं, आत्ता कुठं जेवायला लागलेत." त्यांचंही बरोबर आहे. म्हणून भाकरी आहे तशीच ठेवली. मटकीची उसळ, दही, अंडी वाढवली. शेंगाचटणीही ताटात आहे, फक्त तिच्यावर ओतायचं तेल कमी केलं. हाडांत आजार असल्यामुळे डॉक्टरांना विचारूनच व्यायाम सुरू केला. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. अशा ताकदीच्या व्यायामाने उपचार चालू असतानाही स्नायू टिकतात, थकवा उतरतो, हे चाचण्यांमधून सिद्ध झालंय.

कुणाच्या घरी हे इंजेक्शन चालू असेल, तर पुढच्या खेपेला पीएसएच्या रिपोर्टबरोबर कंबरेचं माप लिहून न्या. साखर, कोलेस्टेरॉल आणि हाडांची घनता कधी तपासायची, तेही डॉक्टरांना विचारा. त्यांनी आपणहून सांगेपर्यंत थांबू नका.