ब्लॅक बेल्ट कधी मिळणार हे सरांना विचारण्याआधी

मुलांना कराटेला घालणाऱ्या आईबाबांनी गिचिन फुनाकोशींबद्दल एकदा तरी वाचावं असं मला अगदी मनापासून वाटतं. आपल्याकडे गल्लोगल्ली जे शोतोकान (कराटेची एक शैली) शिकवतात ना, त्याचे हे मूळ सर. जन्म १८६८, ओकिनावातलं शुरी, आणि पेशाने शाळामास्तर. दिवसा शाळा आणि रात्री कंदील घेऊन चालत गुरूंच्या घरी, कारण तेव्हा कराटे लपूनछपून शिकावं लागायचं. अझातो सर बसून बघणार आणि हे अंगणात एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, परत परत, महिनोन्महिने तोच, पुढचा शिकवायचं नावच नाही!! तेक्कीचे तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली.

ज्यांनी तेक्की केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं आणि फक्त डावीकडे-उजवीकडे सरकायचं, पुढे नाही, मागे नाही, उडी तर नाहीच, आणि सरकताना डोकं जरासुद्धा वरखाली झालेलं चालत नाही. बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं, आणि करणाऱ्याच्या मांड्या थरथरत असतात.

१९२२ ला ते प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले तेव्हा पन्नाशी उलटलेली. खरं तर परत जायचं होतं, पण जुदोवाल्या जिगोरो कानोंनी कोदोकानला, म्हणजे त्यांच्या जुदोच्या शाळेत, बोलावलं, मग आणखी लोकही शिकवा म्हणाले आणि ते राहिलेच. बायको तिकडे ओकिनावात, हे इकडे ओकिनावाच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये एका छोट्या खोलीत. दिवसा तिथली झाडलोट आणि बागकाम करायचे आणि संध्याकाळी तिथल्याच हॉलमध्ये शिकवायचे. या वयात, हेडमास्तर होऊ शकणारा माणूस! मला हा भाग वाचताना दरवेळी भरून येतं.

आणि हो, कराटेत ब्लॅक बेल्ट द्यायला सुरुवात त्यांनीच केली, १९२४ मध्ये, जुदोचं बघून. म्हणजे बेल्टला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो तीन महिने झाले, फी भरली, घ्या पुढचा रंग याला. आमच्याकडच्या एका क्लासमध्ये हे सर्रास चालतं आणि पोरांना धड उभंसुद्धा राहता येत नाही. पण दोष एकट्या क्लासवाल्यांचा नाही, पोरगं एकदा नापास झालं की आपणच क्लास बदलतो, मग सर तरी काय करणार, भाडं तर द्यायचंच असतं.

१९४५ मध्ये त्यांचा मुलगा योशिताका गेला, बॉम्बहल्ल्यात दोजो (सरावाची जागा) गेला, दोन वर्षांनी बायको गेली. तरी नंतरही टोकियोत शिकवत राहिले. १९५७ च्या एप्रिलमध्ये वारले आणि ऑक्टोबरमध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली मोठी स्पर्धा झाली, आणि स्पर्धा हा प्रकारच त्यांना कधी पटला नव्हता. मला स्पर्धा आवडतात. २०२१ मध्ये ओकिनावाच्याच रियो कियुनाने कातामध्ये ऑलिंपिक गोल्ड घेतलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभी होते. पण त्यामागे तोच एक काता वर्षानुवर्षं घासणं आहे, आणि ते करून घेणारे सर आहेत.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतील हे नका विचारू, सर स्वतः अजून कुठला काता करतात ते विचारा, आणि जमलं तर एकदा करून दाखवा म्हणावं. जे सर पोराला नापास करतात ना, त्यांच्याकडेच टिकून राहा.