‘डॉक्टर आला की संस्था संपली’ म्हणे!

कोलेस्टिॲटोमा (कानाच्या पडद्यामागे कातडी साचत जाऊन हाड कुरतडणारा आजार) झालेल्या मुलांच्या पालकांची आमची एक छोटी संस्था आहे. फोन उचलणं आणि माहितीपत्रकं लिहिणं ही माझी कामं. गेल्या महिन्यात लहान मुलांच्या कानाच्या एक सर्जन आमच्या सल्लागार मंडळावर आल्या आणि आठवडाभरात चार पालकांनी मला एकच मेसेज पुढे ढकलला. तो तसा जुनाच, बरेच दिवस फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘रुग्णांच्या संस्थेवर डॉक्टर आला की संस्था त्याच्या खिशात जाते. तो पेशंट गोळा करायला येतो. त्याच्यामागे कंपन्या असतात. पालकांचा आवाज बंद होतो. आणि मुलांचे कान वयाबरोबर आपोआप सुधारतात, त्याला तज्ज्ञ कशाला?’

यातली कंपन्यांची काळजी मलाही आहे. शेवटच्या वाक्यापायी मात्र एखाद्या मुलाचा कान जाऊ शकतो, म्हणून जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे.

आधी ‘खिशात जाते’. मेसेज लिहिणाऱ्याने विश्वस्त आणि सल्लागार यांची गल्लत केली आहे. पैसा कुठे खर्च करायचा, कोणाला नेमायचं, कोणाला काढायचं हे विश्वस्त ठरवतात. सल्लागाराला मत देता येतं, मतदान करता येत नाही. आम्ही या सर्जनबाईंचं ऐकलं नाही तर फार तर त्या राजीनामा देतील.

‘पेशंट गोळा करायला’ हा आरोप अगदीच हवेतला नाही. घाबरलेले आईबाप फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो हाच: “कोणाकडे जाऊ?” त्या क्षणी आम्ही एक नाव घेतलं तर ते तिथेच जाणार. म्हणून आम्ही कोणाचंच नाव सांगत नाही, मंडळावरच्या डॉक्टरांचं तर नाहीच. त्याऐवजी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न देतो. तुम्ही वर्षाला किती लहान मुलांच्या अशा कानांची शस्त्रक्रिया करता? ऐकण्याची हाडं खराब झालेली निघाली तर पुढे काय? आजार उरलाय का हे कसं पाहणार, पुन्हा कान उघडून की एमआरआय करून? ही यादी या नव्या सल्लागारांनीच सुधारून दिली. उद्या त्यांच्या ओपीडीतही हेच प्रश्न विचारले जाणार, हे ठाऊक असूनही दिली.

आता कंपन्या. २०१७ साली अमेरिकेतल्या १०४ मोठ्या रुग्णसंस्थांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यातल्या किमान ८३ टक्के संस्था औषधं, उपकरणं किंवा जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडून पैसे घेत होत्या. म्हणजे एकही डॉक्टर मंडळावर न घेता संस्था कंपनीच्या दावणीला बांधली जाऊ शकते. पैसा थेट देणगीच्या रकान्यातून येतो. कानाच्या क्षेत्रात श्रवणयंत्रं आहेत, हाडातून आवाज पोचवणारी उपकरणं आहेत, इम्प्लांट आहेत, त्यामुळे सर्जनचेही असे संबंध असू शकतात. आमच्याकडे सल्लागाराने ते दर वर्षी लेखी द्यायचे आणि त्या उपकरणावर चर्चा निघाली की उठून बाहेर जायचं. हा नियम पुरेसा आहे का, यावर माझं आमच्याच अध्यक्षांशी भांडण चालू आहे. मला देणगीदारांची यादीही सगळ्यांसमोर हवी आहे. पण हे भांडण डॉक्टर नको म्हणून सुटणारं नाही.

‘पालकांचा आवाज बंद होतो’ याचं उत्तर आमच्या नव्या पत्रकाच्या कच्च्या प्रतीतच आहे. मी लिहिलं होतं, ‘कान कोरडा झाला म्हणजे आजार गेला.’ बाईंनी त्यावर काट मारली आणि लिहिलं, ‘कोरडा कान ही चांगली खूण आहे, पण तपासणीची तारीख चुकवू नका.’ खाली त्यांनी ‘आजार परत आल्यास’ असा एक परिच्छेद जोडला. तो वाचून एका आईने विचारलं, “परत आला म्हणजे नव्याने झाला, की पहिल्या वेळचा आत राहिला होता?” बाई क्षणभर थांबल्या. या दोन खरोखरच वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेत नजरेआड राहिलेल्या कणापासून वाढतो तो उरलेला आजार. पडदा पुन्हा आत ओढला जाऊन नवी खोबण तयार होते तो परतलेला. त्या आईला हे कळणं महत्त्वाचं होतं, कारण दोन वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. आता पत्रकात यावर दोन वेगळे परिच्छेद आहेत आणि दुसऱ्याची भाषा तिची आहे.

राहिलं ‘आपोआप सुधारतात’.

हे वाक्य पसरतं, कारण बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरं ठरतं. लहान मुलांत नाकामागून मधल्या कानाला हवा पोचवणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की ती तुंबते, पडद्यामागे पाणी साचतं, मूल हाकेला ओ देत नाही. याला ग्लू इअर म्हणतात. बहुतेकदा ते पाणी तीन महिन्यांत ओसरतं. म्हणून एरवी निरोगी असलेल्या मुलाला कानाचे डॉक्टर लगेच ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घालत नाहीत. तीन महिने लक्ष ठेवा, ऐकणं तपासत राहा, असं सांगतात. ‘थांबा’ हे तज्ज्ञच सांगतात, हे मेसेजवाल्यांच्या गावीही नाही.

पण तीच नळी वर्षानुवर्षं नीट काम करत नसेल तर पडद्याचा वरचा भाग आत खेचला जातो आणि तिथे खिसा तयार होतो. कातडीचा झडणारा थर त्यात अडकतो, पापुद्र्यावर पापुद्रा साचत जातो. हाच कोलेस्टिॲटोमा. १८३८ मध्ये योहानेस म्युलर यांनी दिलेलं हे नाव फसवं आहे, कारण ही कोलेस्टेरॉलची गाठ नव्हे, भलत्या जागी वाढणारी साधी कातडी आहे. कॅन्सर नाही, पण हाड कुरतडते. ऐकण्याच्या तीन हाडांपैकी ऐरण बहुधा आधी झिजते. जवळूनच चेहऱ्याची नस जाते, आतल्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत आणि वरच्या पातळ हाडापलीकडे मेंदू. थेंब घातले की वास मारणारा स्राव थांबतो, घरचे निश्चिंत होतात आणि आतलं कुरतडणं चालूच राहतं. काही मुलांत तर हा जन्मापासून असतो आणि शाबूत पडद्यामागे पांढऱ्या मोत्यासारखा दिसतो. कान कधी वाहिलेलाच नसतो.

एक कान थांबून बरा होतो, दुसरा थांबल्याने जातो, आणि घरी बसून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकातून पडदा पाहणारं कोणीतरी लागतं ते यासाठी. मोठ्यांपेक्षा मुलांत हा आजार पुन्हा डोकं वर काढण्याचं प्रमाण जास्त, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही कित्येक वर्षं फेऱ्या असतात. त्यासाठीच्या खास एमआरआयमध्येही तीन मिलिमीटरहून लहान अवशेष निसटू शकतो. एक स्कॅन स्वच्छ आला म्हणून फाइल बंद होत नाही.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एका बाबांना मी फोन केला. मुलाचा कान कोरडा होता, ऐकायलाही बरं येत होतं आणि स्कॅनसाठी भूल द्यावी लागणार होती. ‘आपोआप सुधारतात’ वाचून त्यांनी तारीख रद्द केली होती. मी त्यांना पत्रकातलं बाईंनी दुरुस्त केलेलं वाक्य वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. दुपारी त्यांचा मेसेज आला: जुनी तारीख दुसऱ्या कुणाला दिली गेली होती, सहा आठवड्यांनंतरची मिळाली आहे.