सुपे-मोरगाव रस्त्यावरचे तितर: एका शेतकरी वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही नाव दिलेलं नाही. शिरूर तालुक्यात शेती आहे एवढंच लिहिलंय, म्हणून दादा म्हणतो. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण ती नीट विचार करूनही लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे जिल्ह्यात सुप्यावरून जाणाऱ्या चौफुला ते मोरगाव रस्त्यावर गाड्यांखाली मरणारे तितर, ससे आणि खोकड यांच्याबद्दल मी लिहिलं होतं, आणि ठरावीक पट्ट्यांत वेग कमी करायला हवा असं म्हटलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात तेव्हा कुणी लेख लिहीत नाही. जनावर अचानक आडवं आलं तर ड्रायव्हर काय करणार, त्याने गाडी खड्ड्यात घालायची का? भुयारी मार्गांवर कोट्यवधी उधळण्यापेक्षा रस्त्याला दोन्ही बाजूंनी जाळी मारा. आणि मेलेला तितर कुणी घरी नेऊन खाल्ला तर बिघडलं काय?

भुईमुगापासून सुरुवात करतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवणाऱ्या माणसाला प्राण्यांवर दया करा असं सांगायला मी आलेलो नाही. पंचनाम्यासाठी चकरा मारायच्या, फोटो जोडायचे, अर्ज करायचा आणि हातात येणारी रक्कम बियाण्याच्या खर्चालाही पुरायची नाही, हे मला माहीत आहे. पण रस्त्यावर मरतंय कोण ते बघा. तितर, ससा, मुंगूस, खोकड, कोल्हा, उदमांजर, घोरपड, साप. यातले बहुतेक तुमच्या पिकाच्या वाटेला जातच नाहीत. खोकड आणि मुंगूस उंदरांवर जगतात. तितर बांधावरची वाळवी, किडे आणि गवताचं बी टिपतो. रानडुकराची मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, त्यामुळे रस्त्यावर दोन डुकरं मेली म्हणून तुमच्या रानातला त्रास कमी होत नाही. चिंकारा मात्र बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. रस्त्यावर जे प्राणी मरतात त्यातून तुमचा सूड उगवला जात नाही दादा. उलट उंदीर खाणारे कमी होतात आणि डुकरं आहेत तितकीच राहतात. डुकरांचा बंदोबस्त वेगळा मागायला हवा. त्यासाठी परवानगी घेण्याची तरतूद आहे, तिची अंमलबजावणी आणि भरपाईचा वेग यावर भांडायला मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

आता ‘अचानक’ या मुद्द्यावर येतो. इथे माझं तुमच्याशी अजिबात पटत नाही.

आपल्याला ते अचानक वाटतं, कारण आपण ताशी ८० च्या वेगात असतो. जनावर रस्त्यावर येतं ते ठरलेल्या कारणासाठी, ठरलेल्या वेळी आणि बऱ्याचदा ठरलेल्या जागी. तितराचंच बघा. त्याला दात नाहीत, दाणे दळायला पोटात बारीक खडे लागतात. ते त्याला साईडपट्टीवर आयते मिळतात. तिथेच मुरमाची धूळ असते, ती अंगावर उडवून तो पिसांतले किडे काढतो. ट्रॉलीतून सांडलेली ज्वारी, बाजरी, मका पहाटे त्याच्यासाठी मांडून ठेवलेली असते. रात्री तो बाभळीवर किंवा बोरीच्या काट्यात बसतो आणि या बाभळी रस्त्याच्या कडेलाच उरल्यात, कारण आतलं माळरान नांगराखाली गेलं. म्हणजे झोपायची जागा, खायची जागा आणि अंघोळीची जागा, सगळं रस्त्याला लागून. त्यात हा पक्षी उडायचा कंटाळा करणारा. धोका दिसला की आधी पळतो, अगदीच अंगावर आलं तरच भर्रकन उठतो, आणि उठतो तो काचेच्या उंचीला.

पिल्लांच्या दिवसांत तर हे बघवत नाही. काँक्रीटचा नवा रस्ता झाला आणि साईडपट्टी भरायची राहिली, की कडेला वीतभर उंचीची पायरी तयार होते. मादी त्यावरून सहज खाली उतरते आणि पलीकडून हाक देते. लिंबाएवढी पिल्लं त्या कडेशी येऊन थबकतात. एखादं धीर करून खाली उडी मारतं. पण उलट्या बाजूने येणाऱ्या पिल्लांना ती पायरी चढताच येत नाही. ती काँक्रीटला चिकटून पुढे-मागे धावत राहतात, मादी परत रस्त्यावर येते आणि मग सगळंच कुटुंब चाकांच्या वाटेत. ही साईडपट्टी मुरूम टाकून उताराने भरायची असते. ते ठेकेदाराच्या कामातच धरलेलं असतं. तुमची मोटरसायकल रात्री ज्या कडेवरून घसरते ती हीच कड.

रात्रीचा हिशोब तुम्हीच करून बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला साधारण ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६० ते ७० मीटर. डिपर लावला की समोरचं जेमतेम ४०-५० मीटरपर्यंत नीट दिसतं. म्हणजे डुक्कर दिसतं तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ४० ला तीच गाडी २०-२५ मीटरमध्ये उभी राहते. त्यातून डुक्कर बुटकं, काळं आणि मातीने माखलेलं. चितळाचे डोळे उजेडात चमकतात तसं ते दुरून कळत नाही. आणि एक गेलं की मागून पिल्लांची रांग असतेच, तेव्हा पहिलं पार झालं म्हणून वेग वाढवणं सगळ्यात धोक्याचं. सशाचं वेगळंच. अंधाराला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांवर हेडलाईटचा झोत पडला की त्याला बाजू कळत नाही, तो झोतातच सरळ पळत राहतो. क्षणभर डिपर द्या, वेग कमी करा, तो कडेला होतो.

गाडी खड्ड्यात घालायची का, असं तुम्ही विचारलंत. नाही, कधीच नाही. स्टेअरिंग फिरवून झाडावर जाण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक दाबा, हे मी घरच्यांनाही सांगतो. माणसाचा जीव आधी. पण म्हणूनच मी वेगाबद्दल बोलतोय. रोहीचा, म्हणजे नीलगायीचा नर २०० किलोंच्या पुढे असतो, पाय लांब, धड थेट बॉनेटच्या वर. त्याला धडकलेल्या कारची काच आत येते. दुचाकीवाल्याला तर डुकरानेही मरण येतं. पहाटे दूध घालायला निघालेली, रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून परतणारी, उसाच्या टोळीबरोबर आलेली माणसं या रस्त्यांवर असतात. बंपर आणि एअरबॅग त्यांच्या नशिबी नाही. तितरासाठी वेग कमी केला तर त्याचा पहिला फायदा त्यांना होईल.

जाळीबद्दल सांगतो. समृद्धीसारख्या बंदिस्त महामार्गावर कुंपण चालतं, कारण तिथे जनावरांना जाण्यासाठी खाली-वर वेगळे रस्ते केलेत. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे बरीच भांडणं झाल्यावर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता ठिकठिकाणी उचलून खालून वाट दिली, अशा नऊ जागा. त्यातली सर्वात रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी खालून जाताना सापडले. त्यात ११ वेगवेगळे वाघ होते. पैसे उधळले असं म्हणता येणार नाही, वाट दिली तर जनावर ती वापरतं हे तिथे दिसलं.

पण तुमच्या-माझ्या गावच्या रस्त्याला हे लागू नाही, हे तुमचं बरोबर आहे. तिथे दर शंभर पावलांवर कुणाच्या तरी शेताची वाट, वस्ती, विहीर. प्रत्येक वाटेपाशी जाळी तुटणार. आत शिरलेलं जनावर मग बाहेर पडायला भोक शोधत रस्त्यावरच धावणार, म्हणजे आहे त्याहून वाईट. आणि प्राण्यांना पलीकडे जावंच लागतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य त्याच्या निम्म्याहूनही लहान, २.१७. एवढ्याशा जागेत चिंकारा किंवा काळवीट बारा महिने कोंडून राहूच शकत नाही. चाऱ्याला, पाण्याला ते बाहेर पडणारच, पडीक रानात आणि गायरानात हिंडणारच.

मला हवंय ते फार स्वस्त आहे. ज्या पट्ट्यात जनावरं ओलांडतात तिथे दोन्ही टोकांना रंबलर (गाडीला हादरे देणाऱ्या पट्ट्या) आणि फलक. साईडपट्टी भरलेली. रस्त्याखालच्या मोऱ्या पावसाळ्याआधी उपसलेल्या, कारण गाळाने तुंबलेली मोरी पाण्याच्याही कामाची नाही आणि कोल्ह्या-उदमांजराच्याही. रस्त्याच्या कडेपासून दोन हात अंतरापर्यंतचं गवत कापलेलं, म्हणजे आत उभं असलेलं जनावर आधी दिसेल. मागची बाभूळ मात्र ठेवायची. ट्रॉलीवर ताडपत्री, त्यात तर दाणेही तुमचेच वाचतात. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. तसलं काही मी इथे मागत नाही, इथे माणसांची वस्ती आहे. अख्ख्या रस्त्यातले चार-पाच पट्टे, आणि तिथे सांजेला, रात्री आणि पहाटे ताशी ४०. याने तुमच्या प्रवासाची जेमतेम पाच-सात मिनिटं वाढतील.

राहिला मेलेला तितर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच आहे. गाडीखाली मेलेला चालतो म्हटलं की फासात धरलेला प्रत्येक तितर गाडीखाली मेलेला होतो. फास लावणाऱ्याला एवढीच पळवाट हवी असते. शिवाय त्या पक्ष्याने शेवटचं काय खाल्लं ते आपल्याला कळत नाही. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं बी टिपलेलं असू शकतं. असा पक्षी मुलांच्या ताटात वाढू नका. गाड्या थांबवून, स्वतःचा जीव सांभाळून, काठीने कडेला सरकवा, नाहीतर तो खायला आलेला कोल्हा आणि घारही तिथेच मरतात. मोर, चिंकारा, लांडगा, बिबट्या असेल किंवा जनावर जखमी असेल, तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या वस्तीजवळ डुकरं आणि रोही रस्ता नेमका कुठे ओलांडतात हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. ओढा, मोरी, कुणाचा ऊस, कुठला मैलाचा दगड, जमेल तसं लिहून पाठवा. सुप्याच्या पट्ट्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाला द्यायचा अर्ज मी तयार करतोय. तुमच्या गावच्या ग्रामसभेत असाच ठराव मांडणार असाल, तर त्याचा मसुदा करून देतो. त्यात डुकरांच्या नुकसानभरपाईचा मुद्दा पहिला घालू.