हे गेल्या दहा वर्षांत घडलेलं नाही

मल्याळम सिनेमावरचा तुमचा लेख आवडला, पण त्याच्या वास्तवदर्शीपणाचं सगळं श्रेय गेल्या दहा वर्षांतल्या ओटीटीला आणि नव्या दिग्दर्शकांना देणं मला पटत नाही. १९५४ सालचा 'नीलक्कुयिल' अस्पृश्यतेवर होता. १९६५ चा 'चेम्मीन' तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून केलेला, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या श्रद्धांवर आणि कर्जावर उभा असलेला. त्याच वर्षी पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी तिरुवनंतपुरममध्ये 'चित्रलेखा' फिल्म सोसायटी काढली. गावोगावच्या वाचनालयांत वाढलेला प्रेक्षक तिथे आधीपासूनच होता.

मात्र लेखात पी. के. रोझी यांचं नावही नाही, याचं फार वाईट वाटलं. मल्याळममधल्या पहिल्या चित्रपटाची, 'विगतकुमारन'ची ही नायिका दलित होती आणि तिने पडद्यावर नायर या सवर्ण जातीतली स्त्री साकारली. एवढ्यावरून सवर्ण प्रेक्षक खवळले, थिएटरवर दगडफेक झाली, तिचं घर जाळलं गेलं. ती तमिळनाडूत निघून गेली आणि पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. दिग्दर्शक जे. सी. डॅनियल यांच्या नावाने आज केरळ सरकार मोठा पुरस्कार देतं (तो योग्यच आहे), पण रोझीच्या नावाने फिल्म सोसायटी सुरू व्हायला २०१९ उजाडावं लागलं, आणि तीही 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' या मल्याळम चित्रसृष्टीतल्या स्त्रियांच्या संघटनेतल्या बायकांनी काढली.

याच बायकांच्या मागणीवरून, या चित्रसृष्टीत स्त्रियांना काय सोसावं लागतं हे तपासणारी हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात सरकारला मिळाला, लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. पुढचा लेख यावर लिहाच.