थांबून नक्की काय मिळणार आहे?

बारावीचे निकाल लागले की गोव्यात फोंडा, शिरोडा, सावर्डे, साखळी, जिथे जिथे माझे जुने विद्यार्थी आहेत तिथून एकच प्रश्न येतो. "टीचर, लॅपटॉप आतां घेवं काय रावूं?" म्हणजे आता घ्यावा की थांबावं? विचारणारे बहुतेक वेळा पालक असतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की नवीन प्रोसेसर (लॅपटॉपची मुख्य चिप) येतोय, आता घेतलात तर दोन महिन्यांत जुना होईल. दरवर्षी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा माझं मत एकदा सविस्तर लिहून ठेवते. विषय साधा वाटतो, पण यात मुलाचं अख्खं पहिलं सेमिस्टर अडकलेलं असतं.

५० ते ६० हजारांत लॅपटॉप घेणार असाल तर नव्या प्रोसेसरसाठी थांबू नका. बातम्यांत झळकणारा नवा प्रोसेसर त्या किमतीत येतच नाही. येतो तो जुनाच, नवं नाव लावून.

हे मी हवेत बोलत नाही. इंटेलचंच बघा. २०२२ मध्ये आय५-१२३५यू आला. २०२३ मध्ये आय५-१३३५यू. २०२४ मध्ये नावातला 'आय' गेला आणि कोअर ५ १२०यू आला. २०२५ मध्ये कोअर ५ २२०यू. चार वर्षं, चार नावं. चौघांत कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, किती? १०. दोन मोठे, आठ छोटे, प्रत्येकात तसेच. वेग थोडा थोडा वाढवला आहे, पण आतला आराखडा मूळ तोच. मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत सर्रास याच घराण्यातल्या चिप्स दिसतात.

एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीच्या रायझन चिप्समध्ये हे ओळखायला आणखी सोपं आहे. रायझनच्या ७००० मालिकेतला तिसरा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, आणि झेन २ ही २०१९ ची. ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३, २०२० ची. ७६४०यू मध्ये ४, म्हणजे झेन ४. आकड्याने मोठं ते नवं, असं समजून लोक पहिला आकडा बघतात आणि पैसे मोजतात. पहिला आकडा फक्त चिप कुठल्या वर्षाच्या यादीतली ते सांगतो. आतलं यंत्र किती जुनं, ते तिसरा सांगतो.

माझी एक विद्यार्थिनी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून फर्मागुडीला इंजिनीअरिंगला गेली. हे २०२३ चं. वडिलांनी पैसे जुळवून ठेवले होते, पण इंटेलची एकदम नव्या धाटणीची चिप येतेय असं कानावर आलं आणि त्यांनी खरेदी पुढे ढकलली. मुलीच्या भल्यासाठीच. डिसेंबर २०२३ मध्ये कोअर अल्ट्रा आली. पण ती बसवलेले लॅपटॉप त्यांच्या आवाक्याच्या कितीतरी वर. शेवटी फेब्रुवारीत घेतला, कोअर ५ १२०यू असलेला. जूनमध्ये त्याच पैशांत जे मिळत होतं, जवळपास तेच. मधल्या काळात त्या मुलीने सी प्रोग्रॅमिंगचं पहिलं सेमिस्टर मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याने कोड टाइप करत काढलं. लॅबचा तास संपला की हातात काही नाही. मैत्रीण झोपली की तिचा लॅपटॉप मागून घ्यायचा. प्रोग्रॅमिंग शिकणं म्हणजे रात्री ११ वाजता चुकलेला कोड पुन्हा चालवून बघणं, आणि नेमकं तेच तिला करता आलं नाही. पहिल्या सेमिस्टरला मागे पडलेलं मूल 'मला हे जमत नाही' असं ठरवून बसतं. मी वर्गात वर्षानुवर्षं हे बघत आलेय आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुठल्याही प्रोसेसरचा वाढीव वेग हे भरून काढत नाही.

यंदाही तीच हवा आहे. जानेवारीत लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात इंटेलने कोअर अल्ट्रा सिरीज ३ आणली, तिचं सांकेतिक नाव पँथर लेक. चिप खरोखरच चांगली आहे. चिप बनवण्याच्या इंटेलच्या नव्या १८ए प्रक्रियेवर बनलेली, ग्राफिक्स दमदार. त्याच प्रदर्शनात एएमडीने रायझन एआय ४०० जाहीर केली, पण ती बरीचशी आधीच्या ३०० मालिकेचीच सुधारलेली आवृत्ती. शिवाय क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन एक्स२ ही चिप आहे. वर्षाअखेर नोव्हा लेक ही पुढची चिप येणार असंही इंटेलने सांगून ठेवलंय. म्हणजे पँथर लेकसाठी थांबलेला माणूस आता नोव्हा लेकसाठी थांबेल. ही रांग १९७१ मध्ये इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर ४००४ आला तेव्हापासून सुरू आहे, ती कधी संपायची नाही.

"पण टीचर, नवा आला की जुना स्वस्त होतो ना?" हा दुसरा प्रश्न, आणि तो योग्य आहे. एकेकाळी मीही हाच सल्ला देत असे. एप्रिलात मानकुराद आंबा महाग असतो आणि मे सरता सरता उतरतो, म्हणून आपण थांबतो. लॅपटॉपचंही बऱ्याच अंशी तसंच चालायचं. गेल्या वर्षाच्या अखेरपासून ते गणित बिघडलंय, आणि बिघडवलंय रॅमने, म्हणजे लॅपटॉप चालू असताना वापरतो त्या मेमरीने. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या खास मेमरीत त्यांना जास्त पैसा दिसतो, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि तुमच्या-आमच्या लॅपटॉपला लागणारी रॅम कडाडली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा, जवळजवळ तीन दशकं चाललेला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे चार महिन्यांनी सगळं स्वस्त होईल या भरवशावर थांबायला मला तरी आधार दिसत नाही. कर कमी होईल म्हणून थांबणारेही भेटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीच १८ टक्क्यांत होता, तो तिथेच राहिला.

आता उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण थांबणं कधीच शहाणपणाचं नसतं असं माझं म्हणणं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली आणि पातळ लॅपटॉपांत एका फटक्यात दोनाचे चार कोअर झाले. त्या जुलैत सातव्या पिढीचा लॅपटॉप घेणाऱ्याचं नुकसान पुढे आणखी वाढलं, कारण मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी रेषा आखली ती नेमकी आठव्या पिढीपासून. दुसरं उदाहरण ॲपलचं. जून २०२० मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं की इंटेल सोडून आपल्या चिप्स वापरणार, आणि नोव्हेंबरात एम१ आली. मधल्या काळात इंटेलवाली मॅकबुक एअर घेणाऱ्याला आज नव्या मॅकओएसमध्ये जागा नाही, आणि तीच एम१ वाली अजून सुरळीत चालते. या दोन्ही वेळा फरक थोड्याशा वेगाचा नव्हता, मूळ रचनाच बदलली होती. ॲपलच्या बाबतीत तर कंपनीने महिने आधी उघडपणे सांगितलं होतं. असं काही कंपनीने स्वतः तारखेसकट सांगितलं असेल, ते तुमच्या बजेटात येणार असेल आणि तुमच्या कामाला जाणवणार असेल, तर अवश्य थांबा. तिन्ही गोष्टी एकदम जुळायला हव्यात. कुणाच्या भावाने व्हिडिओत ऐकलं, याला मी 'कंपनीने सांगितलं' म्हणत नाही.

मडगावचा माझा एक मित्र जत्रा आणि नाटकांचं चित्रीकरण करतो, संपादनही स्वतःच. पूर्ण रात्रीचं नाटक, तीन कॅमेरे, सगळं फोर-के. त्याला मी यंदा नव्या मशीनसाठी थोडं थांबायला सांगितलं. त्याचं बजेट लाखाच्या पुढे आहे, जुनं मशीन तोवर काम देतंय आणि वाढीव ग्राफिक्स त्याला प्रत्येक एक्स्पोर्टला जाणवणार आहे. मात्र पणजीच्या ऑफिसात टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल उघडणाऱ्या माझ्या वहिनींना त्यातलं काहीही जाणवणार नाही. 'एआय पीसी'चंही तसंच. दुकानात ४० टॉप्सचा (टॉप्स हे वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे चिपमधला खास एआयसाठीचा भाग, म्हणून स्टिकर दाखवतात. पण मुलं जे चॅटजीपीटी वगैरे वापरतात ते कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, लॅपटॉपवर नाही. त्या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

मग ते पैसे कुठे घालावेत? रॅम १६ जीबी हवीच. ८ जीबीचा घेऊन पुढे वाढवू, असं ठरवत असाल तर ती वाढवता येते का ते दुकानातच बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' म्हणून ओळ असते. फॉर्म फॅक्टरच्या पुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डालाच चिकटवलेली आहे, नंतर बदलता येणार नाही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा ही ओळ खरी. पडद्याकडे तर आपल्याकडे कुणी बघतच नाही. स्वस्त लॅपटॉपांत ४५ टक्के एनटीएससी रंगांचा (म्हणजे कमी रंग दाखवणारा), २५० निट्सचा (निट्स हे उजेडाचं माप) फिका पडदा बसवतात. आल्तिनोला कला महाविद्यालयात किंवा आर्किटेक्चरला जाणाऱ्या मुलाने तो मुळीच घेऊ नये, रंगांपुढे १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला घ्यावा. चार वर्षं डोळ्यांसमोर पडदाच असणार आहे. स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला उत्तम, पण त्यांच्यावर जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर आणि इंजिनीअरिंगची काही सॉफ्टवेअर अडतात. कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी घ्या, मग ठरवा. सीएच्या ऑफिसात असाल तर डिजिटल सहीचा डीएससी टोकन त्यावर चालतो याची खात्री केल्याशिवाय हात लावू नका.

आणि गोव्यात राहणाऱ्याने सर्व्हिसची चौकशी प्रोसेसरच्या आधी करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टला हवा नुसती ओली असते, किनाऱ्याजवळच्या घरांत वर खारा वारा. पोर्टांवर हिरवट थर चढतो, कीबोर्डच्या कळा चिकटतात, वीज जाते-येते तेव्हा चार्जर उडतात. म्हणून विचारायचं ते हे: माणूस घरी येऊन दुरुस्त करतो की मशीन सर्व्हिस सेंटरला न्यायचं? ते सेंटर गोव्यात आहे की लॅपटॉप राज्याबाहेर पाठवतात? सुटा भाग यायला किती दिवस? माझ्या एका शेजाऱ्याचा लॅपटॉप नुसत्या बिजागरीसाठी बाहेर गेला आणि मुलाची परीक्षा झाल्यावर परत आला. अपघाती नुकसानीची वॉरंटी मिळत असेल तर घ्या. वरच्या दर्जाच्या प्रोसेसरसाठी जे चार-पाच हजार मोजणार होतात ते तिकडे वळवा. पावसाळ्यात मशीन बॅगेत आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, आणि चार्जर भिंतीतल्या सॉकेटऐवजी सर्ज प्रोटेक्टरला लावा.

ज्यांच्या घरी २०१७ किंवा त्याआधीचा लॅपटॉप अजून चालू आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून मिळणारे सुरक्षेचे वाढीव अपडेट घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होत असतील तर थांबायला मुदत आहे, आणि ती ऑक्टोबरात संपते. फक्त टायपिंग आणि इंटरनेटपुरता लागत असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण) बसवून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका, आणखी काही वर्षं चालेल. आमच्या शाळेत अशी मशीन आहेत आणि मुलं त्यावर पायथन शिकतात.

राहिली चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सूट. यंदा चवथ १४ सप्टेंबरला आहे. पणजी, मडगाव, म्हापशाची दुकानं तेव्हा बॅग, माउस, हप्त्यांची सवलत असं काही ना काही देतात. ज्याला घाई नाही त्याने जरूर थांबावं, तो थांबा प्रोसेसरसाठी नाही, पैशांसाठी आहे आणि त्याची तारीख ठाऊक आहे. पण ज्याचं कॉलेज जुलै-ऑगस्टला सुरू होतंय त्याने एका बॅगेसाठी सेमिस्टरचा पहिला दीड महिना घालवू नये.

दुकानात जाऊन मॉडेल बघितलंत की त्याचा पूर्ण क्रमांक, प्रोसेसरच्या शेवटच्या अक्षरासकट, खाली कॉमेंटमध्ये लिहा. नुसतं 'आय५ आहे' असं लिहिलंत तर मला काही सांगता येणार नाही. रात्री जेवणं आटोपली की मी एकेक बघून उत्तर देईन.