‘पैसे घेतले, वेळ घालवला, फ्रेम तशीच लवते’ या एका स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. फ्रेम लवते म्हणून आमच्या वेल्डिंगच्या दुकानात आणलेली तुमची सायकल शनिवारी देतो म्हणून पुढच्या बुधवारी दिली, मधे तुमचे फोनही उचलले गेले नाहीत, त्याबद्दल माफ करा. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की फोंड्यात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे गेट, ग्रिल आणि शेडच्या कामांची काय घाई असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही इथलेच. उशिराचे स्टार कापलेत, मान्य. पण ‘वेल्डरला सायकलीतलं कळत नाही, नुसते गसेट मारून वजन वाढवलं’ हे मनाला लागलं. गसेट म्हणजे जोडाच्या कोपऱ्यात वेल्ड करायची आधाराची पत्र्याची पट्टी. गसेटने भागणार नाही असं मीच सांगत होतो ना?

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. यांनी घरी बनवलेली सायकल रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची. साध्या सायकलीला त्रिकोणी फ्रेम असते. हिला सीटखालून थेट पुढे पेडलपर्यंत एकच लांब पाईप, 38 मिलिमीटरचा, जाडी 1.6. पाठीला सीटचा आधार असल्यामुळे माणूस पेडलवर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त जोर लावू शकतो. पेडल पाईपच्या मधोमध नसतं, बाजूला असतं, म्हणून पाय मारला की पाईप पिळतो. त्यात उजवीकडून चेन ओढते ती वेगळीच. मागचा ब्रेक बांधून, क्रँक (पेडलचा दांडा) आडवा ठेवून पेडल दाबलं तेव्हा पुढचा शेंडा स्टीलच्या मोजपट्टीवर 12 मिलिमीटर सरकला. तुमच्यासमोरच मोजलं. पुढच्या बूमचा (पाईपच्या टोकाचा, पेडल धरणारा तुकडा) क्लॅम्प ढिला होता तो आधीच आवळून घेतला होता, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

तेव्हाच म्हटलं होतं, सर, पाईपच बदलूया. तेवढ्याच जाडीचा 50 चा घेतला तर पाईपचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं, पण ताठपणा दुपटीच्या वर जातो, वाकायलाही आणि पिळायलाही. पाईप तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि ताठपणा दुपटीलाही पोचत नाही. ते नको असेल तर खालून एक बारीक पाईप ओढून मधे खुंटी देऊ, पुलाच्या कैचीसारखी, हेही सुचवलं. त्याने वरखाली लवणं थांबतं, पिळणं मात्र फारसं नाही, हेसुद्धा लपवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, रंग नुकताच दिलाय, कापाकापी नको, फक्त गसेट मारा. गसेट काम करतं जोडापाशी. जोडापासून पुढे हातभर पाईप मोकळाच आहे, तो लवणारच. तरी 12 चे 9 झाले. मग ‘तशीच’ कशी?

क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) वापरायला हवं होतं असंही लिहिलंत. क्रोमोली मजबूत, वादच नाही, मोडायला जास्त जोर लागतो. पण लवायचं म्हटलं तर तेवढ्याच मापाचा क्रोमोली पाईप साध्या लोखंडाइतकाच लवतो. अ‍ॅल्युमिनियम तर त्याच मापात तिप्पट, म्हणूनच त्या सायकलींचे पाईप फुगीर दिसतात. तुम्ही मोबाईलवर दाखवत होता त्या व्हिडिओत हे नसावं. बाकी तो व्हिडिओ आमच्या पोराच्या कानाशी लावून, तो तोंडावर काच घेऊन टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारत असताना ‘इथे नको, तिथे मार’ असं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी आत उभं केलं नसतं. तुम्ही शिकलेले, हौशी, म्हणून गप्प राहिलो.

पैसे 1800 घेतले, त्यात गसेट, ग्राइंडिंग, प्रायमर सगळं आलं. आमचं पोट असल्या बारीक कामांवरच आहे आणि हल्ली लोक स्टार बघूनच येतात, म्हणून एवढं लिहावं लागलं.

यापुढे तारीख लिहून द्यायचा प्रयत्न करू, फोनचंही काहीतरी बघतो. चवथीची कामं आटपली की सायकल घेऊन या, 50 चा पाईप घालून देतो. मजुरी नको, पाईपचे तेवढे द्या. येताना मागच्या टायरात हवा भरून आणा, परवा तो अंगठ्याने दबत होता. फर्मागुडीच्या चढावर जे डुलणं जाणवलं त्यातलं थोडं त्याचंही असणार. रंगाचं काय करायचं ते मात्र घरूनच ठरवून या.