‘मानसशास्त्राची सात सत्यं’ पुढे पाठवण्याआधी हे वाचा

‘मानसशास्त्राची सात सत्यं, जी कॉलेजात कोणी सांगत नाही’ हा मेसेज सध्या गोव्यात डिचोलीपासून फोंड्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या वहिनीला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. आई गेल्यापासून तिची झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे. किती समजावल्यावर ती समुपदेशनाला जायला लागली होती. मेसेज वाचून तिने जाणंच बंद केलं. ‘सगळं थोतांड म्हणे, कशाला उगाच पैसे घालवू?’ असं मला म्हणाली. मेसेज कोणी लिहिला याचा पत्ता नाही, एकाही वाक्याला आधार नाही, आणि त्याच्या जोरावर आजारी बाईचे उपचार थांबतात. याचा मला संताप आहे, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

वहिनीला थांबवणारं चौथं ‘सत्य’ आधी घेते. ‘डिप्रेशन म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा बिघाड. बोलून रसायनं बदलत नाहीत. समुपदेशक म्हणजे पैसे घेऊन गप्पा मारणारा.’

हे गोव्यातच तपासून झालं आहे. ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून इथे मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आपल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ प्रौढांवर एक चाचणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती २०१७ साली छापून आली. रुग्णांचे दोन गट केले, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे संशोधकांच्या मर्जीवर ठेवलं नाही. एका गटाला आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. दुसऱ्या गटाला तेच उपचार, आणि शिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. इथलीच माणसं होती, या कामासाठी शिकवून तयार केलेली. रुग्णाने काय काय करायचं सोडून दिलं आहे ते विचारायचं, त्यातलं झेपेल तेवढं परत सुरू करायला लावायचं, अडचणी एकेक करून सोडवायला मदत करायची, असं त्यांचं काम. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के. ज्याला गप्पा म्हणून हिणवलं, त्याने एवढा फरक पडला. आणि हे रुग्ण आपल्याच गावांतले होते.

रसायनांचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. औषधांनी अनेकांना बरं वाटतं. ज्यांची चालू आहेत त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नयेत. पण अमुक एक रसायन कमी पडलं म्हणून डिप्रेशन आलं, इतका सरळ हिशोब कोणी सिद्ध केलेला नाही. शिवाय शिकणं, सवय लागणं, आठवण राहणं हे सगळं मेंदूतच घडतं. मग बोलण्याने मेंदूत काही बदलत नाही, हे जीवशास्त्राला तरी कुठे धरून आहे?

तिसऱ्या मुद्द्यात वर्तनवादाची, म्हणजे माणसाचं दिसणारं वागणं आणि ते कसं शिकलं जातं ते अभ्यासणाऱ्या शाखेची, टवाळी आहे: ‘माणसाला कुत्र्या-उंदरासारखं वागवणारी शाखा.’ जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हा दृष्टिकोन मांडला. १९२० मध्ये त्याने आणि रोझली रेनरने एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम बसवली. ते निर्दयपणाचं होतं आणि आज तसं कोणाला करू देणार नाहीत. पण मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये त्याच विचाराच्या आधारे पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली, ते मेसेजवाला का सांगत नाही? पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेले. वर सांगितलेली गोव्यातली पद्धतही याच वर्तनवादी परंपरेतून आलेली आहे.

‘मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड’ हा पहिला मुद्दा. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ साली सुरू झाली, तेव्हा फ्रॉइड वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याचं मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेल्या इच्छा आणि आठवणी उकलून पाहणं, हा या विषयातला एक प्रवाह आहे. त्यातलं बरंच पुढे मागे पडलं. यापलीकडे या मुद्द्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही.

दुसरा मुद्दा मात्र शिकलेल्या माणसांनाही पटतो: ‘पाच-सहा पंथ, प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे कोणालाच काही कळत नाही.’ आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे काही सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. समजा, खाणीचा माल वाहणारा डिचोली तालुक्यातला एक ट्रकमालक आहे. कर्जाचे हप्ते थकलेत, रात्रभर डोळा लागत नाही, कोणाशी बोलत नाही. जैविक दृष्टिकोनाचा माणूस त्याची झोप आणि थायरॉइड तपासेल, घरात आधी कोणाला असा त्रास होता का विचारेल. वर्तनवादी त्याचा दिवस कसा जातो ते पाहील. आरोन बेकच्या वाटेने जाणारा बोधनिक उपचारक ‘आता माझ्याने काही होणार नाही’ हा विचार पकडून तो कितपत खरा आहे ते त्याच्याकडूनच तपासून घेईल. मनोविश्लेषक जुन्या नात्यांत शिरेल. कार्ल रॉजर्सला मानणारा मानवतावादी आधी त्याला नावं न ठेवता पूर्ण ऐकून घेईल. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टीचा म्हणेल, अहो, अख्ख्या गावाची कमाई गेली, एकट्या याच्या डोक्यात काय शोधता? यातलं कुठलं उत्तर दुसऱ्याला खोटं पाडतं? एकाच माणसाला विचारलेले हे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि चांगला उपचारक त्यातले दोन-तीन तरी एकत्र विचारतो.

पाचवा मुद्दा, ‘मन दिसत नाही, मग मोजणार काय?’ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात गाड्या ‘आदळून चक्काचूर झाल्या’ असं म्हटलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, ‘एकमेकींना लागल्या’ म्हटलं तर ३१.८. स्मृती दिसत नाही, पण ती कशाने आणि किती हलते ते मोजता आलं. इथेही एक गोष्ट कबूल करावी लागते. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले आधी छापलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल आले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस निष्कर्ष हाती लागला. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण ती उघडकीला आणली मानसशास्त्रज्ञांनीच, स्वतःच्या क्षेत्राची झडती घेऊन.

‘हे सगळं परदेशी खूळ आहे’ हा सहावा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये सांगितलं की संमोहनात, त्या काळी समजत तसा, कुठलाही चुंबकीय द्रव एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जात नाही. जे घडतं ते संमोहित होणाऱ्याच्याच मनात, सूचनेमुळे. या विषयाच्या जडणघडणीत गोंयकाराचा हात आहे.

मानसशास्त्र शिकणारे स्वतःच वेडे होतात, या सातव्याला मी उत्तर देणार नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपांवर आज हेही टाकावं: टेलि-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो. समोरासमोर डॉक्टरांना भेटायचं असेल तर बांबोळीला मनोरुग्णांसाठीचं सरकारी इस्पितळ आहे.